एक जूनचा तीनरंगी केक

किस्से डेपोतल्या लाकडांसारखे असतात. कोणी उचलून नेत नाही, नुसते एकावर एक चढत जातात. माझ्या थप्पीला गिऱ्हाईक एकच, देवाजी. तो जाऊन बसला नागपूरला पोराकडे. इथं आलापल्लीच्या घरात आता मी आणि कूलर, दोघंच बोलतो. यंदा एक जूनला देवाजी येतो की नाही, हाच माझा घोर होता.

एक जूनला आमचा वाढदिवस. माझा, देवाजीचा आणि लहानूचा. शाळेत नाव घालताना मास्तरनं तिघांनाही एकाच दिवशी जन्माला घातलं, वर्षासकट. पुढं तिघंही लाकूड डेपोत लागलो आणि रिटायरही एकाच दिवशी झालो.

*

रिटायर झाल्यावर शेजारच्या सोनालीनं मोबाइलमध्ये पाहून मला केक शिकवला. कुकरची शिटी काढायची, तळाला मीठ, वर भांडं. क्रीम तीन वाट्यांत घ्यायचं. एकीत रंग झाकणभर, दुसरीत थोडे थेंब, तिसरीत नुसता रंगाचा चमचा बुडवायचा. खाली गडद गुलाबी, वर जाता जाता फिका.

पहिल्या वर्षी मी डेपोतल्या सवयीनं रंग मारला, नंबर टाकण्याआधी लाकडाच्या टोकाला मारतात तसा. लहानू केकभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "याच्यावर नंबर टाकाचा राह्यला."

*

गडद रंग सर्वांत मोठ्याचा, असं ठरलं. पण मोठा कोण? कागदावर तर तिघं तिळे.

देवाजी म्हणाला, "नागपूरच्या दीक्षेच्या वर्षी मी बापाचं बोट धरून चालत गेलो होतो."

लहानू म्हणाला, "मी मायच्या कडेवर होतो."

"अन् तू बे?" देवाजीनं मला विचारलं.

"मी जागा धराले आधीच जाऊन बसलो होतो."

देवाजीला गडद, लहानूला फिका. मला मधला, खोटं बोललो म्हणून.

*

वर साखरेची फुलं लागतात. पिठीसाखर धावड्याच्या डिंकात मळायची, अंगठ्यावर पाकळी पातळ करायची, पंख्याखाली वाळवायची. एका वर्षी देवाजीच्या फुलात मी डिंक जरा मोकळ्या हातानं घातला. त्याची कवळी तेव्हा नवी होती. त्यानं गुलाब चावला आणि तोंड उघडेना. लहानूनं गरम पाणी पाजलं, तशी कवळी गुलाबासकट पेल्यात पडली.

लहानू पेल्यात बघून म्हणाला, "फूल चांगलं उमललं."

देवाजी बोलला नाही. दात पेल्यात होते.

*

एका जूनला ऐन दुपारी लाइन गेली. कूलर थांबला, क्रीम सुटलं. गडद, मधला, फिका, सारं वाहून ताटात एक झालं. कोणाचा वाटा कोणता, यावर देवाजी आणि मी हमरीतुमरीवर आलो. लहानूनं बोट फिरवलं, चाटलं.

"आता समदे सारख्या वयाचे," म्हणाला.

*

मग एका थंडीत लहानू गेला. पुढच्या जूनला मी दोनच रंगांचा केक केला. देवाजीनं ताट फिरवून पाहिलं.

"फिका कुठी आहे?"

"लहानू नाई ना आता."

"म्हणून का झालं? तो मेला आहे. वाढदिवस तर आहेच ना त्याचा."

मी तिसऱ्या वाटीत रंगाचा चमचा बुडवला.

*

त्यानंतर देवाजीला पोरगा घेऊन गेला. यंदा मी फोन केला. "येतो का?"

"सून उन्हात निघू देत नाई."

"मग तुह्या वाट्याचा मीच खातो."

"हात लावून तर पाह्य," म्हणाला आणि फोन ठेवला.

म्हणजे येतो, असं मी धरलं. तिन्ही रंग केले. त्याच्या फुलात डिंक बेतानंच घातला. दुपारी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. नागपूरची गाडी आली. सारे उतरले. देवाजी नाही.

कंडक्टरनं खिडकीतून विचारलं, "केकवाले भाऊ तुमीच का?" आणि एक स्टीलचा डबा हातात दिला.

घरी येऊन उघडला. ओल्या रुमालात देवाजीची जुनी कवळी.

फोन लावला. "हे काय बे?"

"मी नवी केली. मले तर कोणी येऊ देत नाई. ती एकटी येऊ शकत होती, म्हणून धाडली."

तीन ताटल्या मांडल्या. फिका तुकडा लहानूच्या जागी ठेवला. गडद देवाजीच्या जागी, फुलासकट, आणि त्याच्यासमोर कवळी. मधला घेऊन मी बसलो.

सोनाली दारातून डोकावली. "मारोतीभाऊ, एवढ्या ताटल्या? पाहुणे आले का?"

"आले ना," म्हणलं. "एक काही बोलत नाई, अन् दुसरा आल्यापासून हसूनच राह्यला."