ओरिजिनल कुठंयत?

दुकानात पाऊल टाकलं की मावशी नाव विचारायची नाही, टक्केही नाही. चष्म्यावरून बघत पहिला प्रश्न ठरलेला : "ओरिजिनल कुठंयत?" शहागंजातल्या एवढ्याशा दुकानात ती कॉलेजप्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची. सगळे तिला फॉर्मवाली मावशीच म्हणत.

कॉलेज बघून आल्याशिवाय ती यादीत लिहू द्यायची नाही. मी एका खाजगी कॉलेजचं नाव सांगितलं, तर केवढी उखडली! "फोटोतली हिरवळ बघून कॉलेज निवडतीस व्हय? जा, लॅबचं कुलूप बघून ये." गेले. इमारत चकाचक, लॅबच्या कुलपाला मात्र गंज. मग मी मुकाट्यानं सरकारी कॉलेज पहिल्या नंबरला लिहिलं.

आणि ते मिळालं की! निकाल बघून मी दुकानातच उडी मारली. मावशीनं विचारलं, "ओरिजिनल?" माझं तोंड उतरलं. त्या खाजगी कॉलेजचा एक माणूस महिन्यापूर्वी चितेगावला आमच्या घरी आला होता. माझ्यासाठी सॅक, भिंतीला घड्याळ. "सीट धरून ठेवतो, फक्त तपासायला द्या," म्हणत मार्कशीट, दाखला, जातीचं प्रमाणपत्र, सगळं घेऊन गेला. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, कंपनीत मशीनवर काम करणारे. कुणी इस्त्रीचा शर्ट घालून 'साहेब' म्हणालं की विरघळले. वर त्याला चहा पाजला! त्या चहाचा राग मला आजही येतो.

सरकारी कॉलेजात मूळ कागद दाखवायला दुसऱ्या दिवशी पाचपर्यंतच मुदत होती. नाहीतर जागा गेली. सकाळी दादा खाजगी कॉलेजात हात जोडून उभे राहिले, तर तिथला क्लार्क म्हणाला, "वर्षाची फी भरा, मग न्या." ज्या वर्गात मी बसलेच नाही, त्याची फी!

हे ऐकून मावशीनं ऐन गर्दीत शटर ओढलं. असं तिनं कधीच केलं नव्हतं. मला रिक्षात घालून थेट त्या कॉलेजात नेलं. क्लार्कसमोर खुर्ची ओढून बसली, कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "लिही. मी माझी मूळ कागदपत्रं मागितली, कॉलेजनं दिली नाहीत." मी लिहून दिलं. मग क्लार्ककडं वळून म्हणाली, "नाय देत ना? नका देऊ. हितं सही करा, शिक्का मारा. लई काम नाय."

क्लार्क हसला. मावशी हसली नाही. मागं रांगेतले आईबाप पुढं सरकून ऐकू लागले. एकानं तर हातातली फाइल परत पिशवीत घातली. ते पाहिलं आणि क्लार्क उठून आत गेला. माझे कागद दहा मिनिटांत बाहेर आले. चोर कुठले!

साडेचारला आम्ही सरकारी कॉलेजात होतो. तिथं फळकुटाचे बाक होते, पंखे कुरकुरत होते, पण लॅब उघडी होती. त्याच लॅबमुळं आज मी नोकरीला आहे.

मावशी गेल्या हिवाळ्यात वारली. यंदा जूनमध्ये शहागंजात गेले तर तिच्याच शटरवर त्या खाजगी कॉलेजचा फलक : 'मोफत प्रवेश मार्गदर्शन'. आत तोच इस्त्रीचा शर्ट, टेबलावर सॅकची चळत. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी त्या पायरीशी उभी राहते. तो माणूस हाकलतो, मी चार पावलं सरकते, पुन्हा येते. काल पडेगावची एक मुलगी वडिलांसोबत आत शिरत होती. मी आडवी आले.

"ओरिजिनल कुठंयत?"

तिनं पिशवी छातीशी घट्ट धरली.