पेंड पास तर मी पास

ऑफिसात चार माणसं आणि एक गाय असली की किस्से जमवावे लागत नाहीत, झाडले तरी जात नाहीत. आमचं ऑफिस कोलकात्यात सॉल्ट लेकला, गाय शहराबाहेर बराकपूरला. काम एवढंच, की पेंड अशी भाजायची की गाईच्या पहिल्या पोटातल्या जंतूंनी ती फस्त करू नये आणि प्रोटीन पुढे जाऊन दुधाच्या कामी यावं. कमी भाजली तर जंतूंची पार्टी, जास्त भाजली तर थेट शेणात!

मी प्रोबेशनवर. "पेंड पास तर तू पास," बॉस सेनदा पहिल्याच दिवशी चहा ढवळत म्हणाले. माझा चहा तसाच राहिला.

*

आमच्या गाईच्या, गौरीच्या, कुशीला पोटात उघडणारं झाकण आहे, डॉक्टरांनी ऑपरेशन करून बसवलेलं. तिथून पेंडीच्या नायलॉनच्या पिशव्या पोटात सोडायच्या आणि दुसऱ्या दिवशी काढून किती उरलं ते बघायचं. मी पहिल्यांदा खांद्यापर्यंत हात घातला आणि गौरीने ढेकर दिला. मी किंचाळले. ती रवंथ करत राहिली.

सेनदा म्हणाले, "पोट तिचं, हात तुझा. ओरडायचा हक्क कुणाचा?"

*

आई सगळ्यांना सांगते, लेक फूड कंपनीत आहे. हळदीकुंकवाला एक काकू म्हणाल्या, "मग सॅम्पल आण की गं." आईने होकार देऊन टाकला.

"आई, ती गाईची पेंड आहे!"

"भाजलेली आहे ना? मग झालं."

*

पिशव्या रिकाम्याच निघायच्या. आम्ही मशीनचं तापमान थोडं थोडं वाढवत गेलो. एका सकाळी पिशवी हाताला जड लागली. स्टेशनकडे जाताना ऑटोतूनच फोन केला, "सेनदा, पचलं नाही! जवळजवळ सगळं तसंच आहे!"

शेजारच्या बाईंनी न विचारता पर्समधून ॲसिडिटीची गोळी काढून दिली. कोलकाता आहे हे.

*

आता उरली दुधाची परीक्षा. गौरीच्या शेजारी घोषबाबूंचा गोठा. "माझ्या गाई बिस्किटं खात नाहीत," म्हणत त्यांनी कशीबशी एक गाय दिली. वर मला म्हणाले, "मा, दूध घटलं तर गोण्या परत, आणि तूही." लेकीच्या वयाच्या मुलीला इथे 'मा' म्हणतात, धमकी देतानाही.

महिन्याने निकालाला गेलो. एका गाईला दोन महिने पुरतील एवढ्या गोण्या दिल्या होत्या, त्यातली एकच उरली होती.

"दूध कसं काय?" सेनदांनी विचारलं.

"आहे आपलं," घोषबाबू छताकडे बघत म्हणाले.

मी वही मिटली.

"बरं. मग ही गोणी घेऊन जातो."

घोषबाबू उठले, शांतपणे चालत गेले आणि गोणीवर बसले.

"तुमच्या गाडीत जागा नसेल."

"गाडी रिकामीच आहे."

"मग ती भरून आण," ते माझ्याकडे वळले. "सोमवारी येशील ना, मा?"