बॉल परत टाका

"बोट खाली कर. तुझ्या बोटानं मी आउट होईन व्हय रे?"

तो बॅट घेऊन माझ्या अंगावर आला. आणि मागोमाग तो शब्द. जातीचा. त्याच शब्दानं माझ्या आजोबांना गावभर हाक मारायचे. मैदानाच्या कडेच्या चुन्याच्या रेषेपर्यंत ऐकू गेला. तिथं बसलेले काही लोक हसले. जे हसले नाहीत, तेही काही बोलले नाहीत.

अंबडकडच्या आमच्या गावातली टेनिस बॉलची फायनल. तो बक्षीस देणाऱ्याचा पुतण्या. मी लेग अंपायर. "पंच निःपक्ष पाहिजे, म्हणून तू," असं मला सांगितलं होतं. खरं कारण मला माहीत होतं. मी बौद्धवाड्यातला. एकाही टीमनं मला घेतलं नव्हतं. तरी पांढरा कोट अंगात चढवल्यावर फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

तो रनआउटच होता. हातभर बाहेर. आंधळ्यालाही दिसला असता.

दुसऱ्या टोकाला मुख्य पंच म्हणून आमचे सर उभे होते. शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. संविधानाची उद्देशिका त्यांनीच पाठ करून घेतली. माझा आवाज मोठा, म्हणून मला पुढं उभं करायचे. सगळं त्यांच्या समोर घडलं. आउटही, तो शब्दही. मी त्यांच्याकडं पाहिलं. सरांनी एवढंच म्हणायचं होतं, मी पाहिलं, मी ऐकलं.

सर टोपी सारखी करत म्हणाले, "मला मधी ओढू नका. मी कोणाच्याच बाजूचा नाही. बॉल परत टाका."

माईकवरून आवाज आला, "दोन्ही बाजूंनी शांतता राखावी."

दोन्ही बाजू! तिकडं अर्धं गाव. इकडं मी आणि माझं वर केलेलं बोट.

आउट पुसला गेला असता तर गेला, खेळ आहे. पण बॉल परत टाकला की तो शब्दही कुणी उच्चारला नव्हता, असं होणार होतं. मी बोट खाली घेतलं नाही.

"बॉल परत पडणार न्हाई. तू आउट हायेस."

त्यानं कॉलर धरली. कोटाचं बटण तुटलं. मी कोट काढून पिचवर ठेवला आणि घरी आलो. त्यांनी दुसरा पंच उभा केला आणि मॅच पुरी केली.

संध्याकाळी सर घरी आले. आईनं दिलेला चहा घेतला, हेही सांगितलं पाहिजे. माणूस वाईट नाही. म्हणूनच जास्त लागलं.

"ताणू नको बाबा. गावात राहायचंय. मला तुम्ही दोघंही सारखेच."

"सर, तुम्ही ऐकलं का न्हाई?"

"तसं नसतं रे..."

"ऐकलं का न्हाई, एवढंच सांगा."

सरांनी कप खाली ठेवला. मग उठले, चपला घातल्या आणि गेले. मला संताप आला. सरांचा आला, आणि इतकी वर्षं त्यांच्या गप्प बसण्याला मोठेपणा समजणाऱ्या माझाही आला. निःपक्ष माणूस जे पाहिलं ते सांगतो, समोर कुणी का असेना. मैदानात ते मी एकट्यानं केलं होतं. सर गप्प बसले, आणि त्यामुळं फायदा कुणाचा झाला हे सगळ्या गावाला दिसलं.

सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, "मिटवून घ्या ना. दोघंबी एकाच गावचे."

"लिहा," मी म्हणालो.

त्यानं साक्षीदार कोण विचारलं. मी सरांचं नाव सांगितलं.

आई रडली. "सरांना कशाला गुतवलं रे?"

"मी न्हाई गुतवलं. ते तिथंच उभे होते."

आता अंबडच्या कोर्टात सरांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागेल. हो म्हणावं लागेल, नाहीतर नाही म्हणावं लागेल. नाही म्हणाले तर कदाचित मी हरेन. तरी प्रत्येक तारखेला जाणार आहे. ते बोलतील तेव्हा समोरच बसणार आहे, त्यांच्या डोळ्यांत बघत. तिथं बॉल परत टाकता येत नाही.