एका माणसाचा एकच डोळा

आमच्या समाजसेवा क्लबचं वर्ष जुलैत सुरू होतं आणि जूनमध्ये संपतं. दरवर्षी ते अगदी पहिल्यापासून सुरू होतं, आदल्या वर्षी जणू कुणी काही केलंच नव्हतं. हे मला कळायला तीन वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

डहाणू रोडला माझं चष्म्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी टाकलेलं, नंतर मी चालवायला घेतलं. डोळे तपासायचं शिक्षण मी रीतसर घेतलंय, म्हणून २०१५ साली क्लबनं मला सभासद करून घेतलं. त्याआधी तिथे बायका होत्या त्या सभासदांच्या बायका म्हणून, रांगोळी काढायला आणि पाहुण्यांना ओवाळायला. मला वाटलं, चला, आपल्या हातून काही कामाचं होईल.

जुलैत हॉटेलच्या हॉलमध्ये पदग्रहण. जुने अध्यक्ष गळ्यातला पट्टा काढून नव्या अध्यक्षांच्या गळ्यात घालणार, नवे अध्यक्ष टेबलावरची पितळी घंटा वाजवणार, मग पनीर आणि पुलाव. पाऊस धरला की आशागडच्या बाजूला झाडं लावायची. गेल्या वर्षीची झाडं बकऱ्यांनी खाल्लेली असतात, त्यामुळे खड्डे आयतेच मिळतात. सप्टेंबरात शिक्षकांचा सत्कार, मग गरबा, थंडीत एखादं शिबिर, जानेवारीत सहकुटुंब सहल, आणि जून आला की वह्यावाटप. एका वहीला चार हात लागलेले फोटो मी पाहिलेत. एक ना धड, भाराभर चिंध्या. पण हेही मी गोड मानून घेतलं असतं. भांडण झालं ते डोळ्यांवरून.

माझ्या पहिल्या वर्षी अध्यक्ष होते ते चिकूच्या वाड्यांचे मालक. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तलासरीकडच्या एका शाळेत मोतीबिंदूचं शिबिर ठेवलं. आमच्याकडे पाड्यांवरची माणसं डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करून घेतात. भात कापून झालेलं असतं, जखम चिघळत नाही अशी समजूतही असते. मी शाळेत डोळे तपासायचे, क्लबच्या डॉक्टरांनी पक्कं करायचं, आणि निवडलेल्यांना बसनं गुजरातमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, असं ठरलं.

तिथे ती आली. डोंगराकडच्या पाड्यावरची वारली बाई, साठीच्या आसपासची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढायची. पण तिची काळजी तांदळाची नव्हती. तिचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात, आणि ही नातवंडं सांभाळायला बरोबर. भट्टीवर दिवसभर ट्रक मागेपुढे होतात, विटांचे ढीग लागलेले, आग चालू. ती मला म्हणाली, "बाय, पोर कठं गेला ता माना दिसत नाय. हाक मारतां नं बसतां." तिला डोळे हवे होते ते एवढ्यासाठी.

मी दोन्ही डोळे लिहिले. एका वेळी एकच करतात हे मलाही ठाऊक होतं, पण महिन्या-दोन महिन्यांनी दुसरा करता येतो. अध्यक्षांनी माझ्या हातातला कागद पाहिला आणि एक डोळा खोडला.

"बेन, एका माणसाचा एकच डोळा."

"का?"

"वर जो रिपोर्ट जातो त्यात लाभार्थी मोजतात, डोळे नाय. एकाचे दोन केले तर लाभार्थी एकच. तेवढ्यात दोन माणसं होऊन जातात."

हे त्यांनी हसत सांगितलं, उधारीचा हिशेब सोपा करून दिल्यासारखं. तळपायाची आग मस्तकाला गेली, पण मी नवी होते. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना अंगणात बसवून माईकवरून सांगितलं की एका माणसाचा एकच डोळा होईल, दुसरा पुढच्या थंडीत, हा माझा शब्द आहे. माणसं मान हलवून ऐकत होती. आमच्यासारख्यांच्या शब्दाला किती किंमत असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ऑपरेशन छान झालं. काळा चष्मा घालून ती बसमधून उतरली तेव्हा तोंडभर हसत होती, आणि तो फोटो क्लबच्या पुस्तिकेच्या कव्हरवर छापला. अजून असेल कुठे तरी.

पुढच्या जुलैत पट्टा भाताच्या गिरणीवाल्यांच्या गळ्यात पडला. मी विचारलं, शिबिराची तारीख कधी धरायची? ते म्हणाले, "तो त्यांचा प्रोजेक्ट होता. मी पण तेच केलं तर माझं काय राहील?" त्यांचं म्हणजे शाळांच्या भिंती रंगवणं. गंजाडकडच्या एका शाळेच्या भिंतीवर फुलपाखरं काढली, आणि फुलपाखरांच्या वर अध्यक्षांचं नाव, फुलपाखरांपेक्षा मोठं. शब्द दिलेले अध्यक्ष पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. मी त्यांना आठवण करून दिली. म्हणाले, "आता मी माजी. माझ्या हातात काय आहे?" बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

थंडीत ती माझ्या दुकानात येऊन बसली. मुलगा-सून पुढे गेले होते, ही शिबिरासाठी मागे थांबली होती. शिबिर नाही हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगितलं ते मलाच ठाऊक. मी म्हटलं, मी तुला हॉस्पिटलात नेते. ती म्हणाली, तिकडे पोरं मोकळी आहेत, भट्टीवर गेलंच पाहिजे, आणि त्या माणसानं शब्द दिलाय तर तो करीलच, यंदा त्याला जमलं नसेल. तिनं त्यालाच सांभाळून घेतलं. मला त्या वेळी तिचाही राग आला.

२०१७ साली अध्यक्ष झाले ते बिल्डर. त्यांनी शिबिर परत आणलं, त्याच शाळेत, मोठा मंडप, मोठं बॅनर. मी खूश झाले. मग मीटिंगमध्ये नियम आला की जुने लाभार्थी घ्यायचे नाहीत. मी उठून उभी राहिले. म्हटलं, ज्यांना आपण अर्धं ठेवलंय त्यांचं काय?

"बेन, रिपीट नको. नवीन चेहरे पाहिजेत."

"चेहरा नवीन कशाला हवा? ऑपरेशन डोळ्याचं आहे."

सगळे हसले, विनोद केल्यासारखं. मग चहा आला आणि विषय सहलीवर गेला. त्या दिवशी घरी जाऊन मी एवढी भांडी आपटली की नवऱ्यानं विचारलं, क्लब सोडतेस का? मी म्हटलं, सोडणार नाही, मी सोडला तर त्यांना बरंच होईल.

शिबिराच्या दिवशी ती आली. या वेळी एकटी नव्हती, तिची नणंद बरोबर होती. बसली माझ्यासमोर ती, आणि नावनोंदणीचं कार्ड पुढे केलं ते नणंदेचं. मी टॉर्च मारला. एका डोळ्यात लेन्स चमकली आणि दुसरा डोळा लालभडक. दोन दिवसांपासून कपाळ फुटतंय, म्हणाली. पिकून जास्त झालेला मोतीबिंदू असा भडकतो आणि आतला दाब वाढतो, मग तासातासाला डोळा जातो. मी कागदावर 'तातडीचं' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं, कार्डाबद्दल एक अक्षर विचारलं नाही, आणि तिला डॉक्टरांच्या खोलीकडे पाठवलं. माझ्यापुढे रांग होती. मी पुढचा डोळा घेतला.

डॉक्टरांच्या दारात अध्यक्ष फोटो काढून घेत उभे होते. त्यांनी तिला ओळखलं. कशावरून? आमच्याच पुस्तिकेच्या कव्हरवरून. "अरे, ही तर आपल्या फोटोतली!" मग कार्ड पाहिलं, फोटोखाली छापलेल्यापेक्षा नाव निराळं. आवाज चढला तसा मी वर्गातून बाहेर आले.

नणंद पुढे होऊन शांतपणे सांगत होती. तिला लपवायचं काही नव्हतंच. "एका मानसाचा एक डोला, असा तुमी सगलेच बोललां ना? माझं डोलं चांगलं हाईत. माना नको. माझ्या वाट्याचा डोला हिला दे."

त्या दोघींनी ते असं समजून घेतलं होतं. रेशनच्या तांदळासारखा प्रत्येकाच्या वाट्याला एक डोळा आलाय, आणि ज्याला नको तो आपला वाटा दुसऱ्याला देऊ शकतो. वाटा द्यायला माणूस समोर हवा, म्हणून नणंद कामाचा दिवस बुडवून जातीनं आली होती. आमच्या त्या दळभद्री नियमाचा इतका माणुसकीचा अर्थ आमच्या एकाही मीटिंगमध्ये कुणी लावला नव्हता.

अध्यक्ष म्हणाले, "ही फसवणूक आहे. चला, निघा." आणि नणंद आपल्याला 'तू' म्हणाली म्हणून आणखी भडकले. वारली माणसं कलेक्टरलाही 'तू' म्हणतात, हे डहाणूत जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक नसावं? मी मध्ये पडले. म्हटलं, त्या डोळ्यावर आजच इलाज झाला नाही तर तो जाईल, आधी डॉक्टरांना बघू द्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बेन, एवढं काय मनाला लावून घेता? एक डोळा दिलाय ना आपण. कितीकांना तेवढा पण नाय मिळत."

मी हात झटकला आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण माझं बोलणं होईपर्यंत त्या दोघी फाटकाबाहेर जाऊन भरून निघालेल्या जीपमध्ये चढल्या होत्या. हाकललेलं माणूस दारात रेंगाळत नाही. मी मागे धावले, हाका मारल्या. जीप वळणावर गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी पाडा शोधत गेले. घराला कडी. शेजारीण म्हणाली, मुलगा आईच्या शिबिरासाठीच थांबला होता, सकाळी मुकादमाचा ट्रक आला आणि सगळे गेले. कुठल्या भट्टीवर? भिवंडीकडे की वसईकडे, तिला सांगता येईना. फोन लागत नव्हता. मी नणंदेकडे गेले, तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं मला पाणी दिलं आणि विचारलं, माझा वाटा घेतला असता तर कुणाचं काय गेलं असतं? मी पाणी प्यायले आणि परत आले.

शिमग्याला सगळे परतले तेव्हा ती दुकानात आली. लाली गेली होती, दुखणंही गेलं होतं. डोळा दगडासारखा स्थिर. मी टॉर्च मारला, उजेडाची जाणीवही नव्हती. तरी मी तिला हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, नस गेली, आता काही होणार नाही, वेळेवर आणलं असतं तर वाचला असता. मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, भट्टीवर चार रात्री भिंतीला डोकं लावून बसले होते, मग दुखायचं थांबलं, मला वाटलं बरं झालं.

मी हे सगळं क्लबच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं. कुणी खाली बघितलं, कुणी मोबाइलकडे. बिल्डर म्हणाले, "व्हेरी सॅड."

जुलै आला. पदग्रहणाला वरून मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांच्यासमोर एक लाभार्थी हवा होता. नेत्रशिबिराला त्या वर्षी बक्षीसही मिळालं होतं. कुणी तरी जुन्या कव्हरवरचा फोटो शोधून काढला आणि म्हणालं, ही आजी छान हसते. जिच्यासाठी थंडीत जीप नव्हती तिच्यासाठी पावसात पाड्यापर्यंत जीप गेली. मला कळलं ते हॉलमध्ये तिला पाहिल्यावर. नवं लुगडं नेसून नणंदेबरोबर दाराशी बसली होती. मी विचारलं, कशाला आलीस? म्हणाली, बोलावलं म्हणून.

तिला स्टेजवर नेलं. मावळत्या अध्यक्षांनी, म्हणजे बिल्डरांनीच, शाल घातली. निवेदकानं माईक पुढे केला. "आजी, आता सगळं दिसतं ना?"

"नाय. एकच डोला दिसं. एक मेला."

निवेदक हसला. म्हणाला, म्हणजे क्लबनं दिलेला दिसतो, आणि टाळ्या पडल्या. तो माईक काढून घ्यायला लागला, पण तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि बिल्डरांकडे वळली. रागावलेली नव्हती. बाजारात उरलेले पैसे परत मागावेत तसं विचारलं.

"तू दिसतोस माना. तूच आमाला हाकललास. माझा नाय तर नाय. पन नंदेच्या वाट्याचा डोला, तो तू कुनाला दिलास?"

पाहुणे शेजाऱ्याला विचारत होते, काय म्हणाली? तिला खरंच उत्तर हवं होतं. ती तशीच उभी राहून वाट बघत होती. शेवटी निवेदकानं घंटा वाजवायची घोषणा केली आणि मी वर जाऊन तिचा हात धरून तिला खाली आणलं.

पुढच्या मीटिंगला पहिलाच ठराव आला, की यापुढे कोणत्याही कार्यक्रमात लाभार्थ्यांच्या हाती माईक देऊ नये. एकमतानं मंजूर, असं त्याखाली लिहिलंय. साफ खोटं आहे ते. मी हात वर केला नव्हता.