म्हशीच्या गव्हाणीतली नाळी

रविवार, ११ मे. सकाळी मोटारसायकलने बारामतीहून निघालो. निमगाव केतकीच्या पुढे, सासुरवाडीला जेवलो. दिवेलागणीला परत आलो.

काम एकच होतं. मंदाने, माझ्या बायकोने, गच्चीवरच्या टबात नाळीची भाजी लावली होती. ही पालेभाजी पाण्यात वाढते, देठ पोकळ असतात. बेणं तिच्या माहेरच्या हौदाजवळचं. हिवाळ्यात मंदा गेली. एप्रिलच्या उन्हात टब आटला आणि भाजीही गेली. नाळी दुसरीकडेही मिळाली असती, पण मला हीच हवी होती.

आदल्या दिवशी मेहुण्यांना, तात्यांना, फोनवर एवढंच विचारलं, "हौदाजवळची नाळी आहे का अजून?" कशाला, ते सांगवलं नाही.

इंदापूर रस्ता आता चांगला झालाय, पण उन्हाळ्यात लवकर निघा. पिंपळीत चहा घेतला, तो अर्धा तसाच राहिला. हौदाला पाणी असेल ना, हेच डोक्यात.

पोचल्यावर आधी हौदाकडे गेलो. नुसता चिखल, आणि उपटल्याच्या खुणा.

"तिकडं काय बघताय दाजी?" वहिनींनी, तात्यांच्या बायकोने, चुलीपासून हाक मारली. "सगळी उपटली तुमच्यासाठी. कूट घालून केलीया. कधी न्हाय ते तुमी काय खायाला मागितलं!"

"देठ कुठं आहेत?"

"निबर देठं म्हशीला टाकली की."

मी गोठ्याकडे पळालो. गव्हाणीतून हाताला लागेल ते ओढू लागलो. म्हैस सोडेना.

"अवं दाजी, म्हशीच्या तोंडचा घास काढताय व्हय?" तात्या हसत आले. "घरात जेवाण हाय की!"

"लावायला हवी होती. मंदाचा टब वाळला."

तात्यांनी दावं धरून म्हैस मागे ओढली. वहिनी पदर खोचून गव्हाण चिवडू लागल्या. मूठभर देठ निघाले, बरेचसे चावलेले.

"सांध्याला फुटतंय ते," वहिनी म्हणाल्या. "वल्या फडक्यात न्या."

जेवताना मी भाजी दोनदा मागून घेतली.

येताना जिथे सावली दिसली तिथे थांबून फडकं भिजवलं. घरी टबात चिखल केला, देठ सांध्यापर्यंत खोचले, वर बोटभर पाणी ठेवलं. तुम्ही लावाल तेव्हा एवढंच करा, आणि पाणी आटू देऊ नका. माझे देठ जगतील का, माहीत नाही. फोनवर कारण सांगायला हवं होतं, हे मात्र कळलं.

वहिनींनी उरलेली भाजी डब्यात दिली होती. भाकरी गरम करून ओट्याशी उभ्यानेच खाल्ली. एका देठाला सांधा होता, शिजलेला. तो जरा वेळ हातात धरला, मग खाल्ला. डबा घासून पालथा ठेवला.