जाडीचा सत्कार

गावाने रविवारसाठी माझा सत्कार ठरवला आणि शुक्रवारी माझं संशोधन चुकलं.

मी रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून दीर्घिकांची जाडी मोजते. दीर्घिकेची तबकडी आपल्याला बरोबर कडेकडून दिसत असेल, तर तिच्यातल्या हायड्रोजन वायूचा थर किती जाड आहे ते कळतं. माझ्या दीर्घिकेत हा थर बाहेरच्या बाजूला भलताच जाड निघाला होता. पीएचडी त्या एका गोष्टीवर उभी होती. सुट्टीत आसगावला घरी आले, बाबांना हे सांगून बसले आणि बाबांनी ते गावभर केलं.

शुक्रवारी पुन्हा एकदा सगळं तपासायला घेतलं. प्रत्येक वेगाचा वायू वेगळा करून पाहिला, तर थर जाड नव्हताच! तबकडीची कडा आपल्या दिशेने वाकली होती. उन्हात वाळताना पापडाची कडा वर वळते आणि बाजूने पाहिलं की पातळ पापडही जाड वाटतो, तसं. इतकं साधं मला आधी सुचू नये? स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटली.

"बाबा, सत्कार थांबवा जी. माह्यं उत्तर चुकलं."

"आता कायले थांबवाचं वं?" बाबा म्हणाले. "मंडप टाकला, फ्लेक्स छापून आलं. तुही ते दीर्घिका कुठं पळून चालली का? पुढच्या हप्त्यात दुरुस्त कर."

रविवारी शाल, नारळ, हार, सगळं झालं. फ्लेक्सवर माझ्या मागे कड्यांसकट शनी छापला होता. सरपंच म्हणाले, पोरीने आकाशाची जाडी शोधून काढली. माझं डोकंच फिरलं. माइक हातात आल्यावर मी सरळ सांगून टाकलं, "मले जे सापडलं होतं, ते चूक निघालं. थर जाड नाही. मी काहीच शोधलं नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "एवढी शिकली, पन गर्व नाही पोरीले," पुढे बसलेली एक काकू म्हणाली. बाबांनी डोळे पुसले. मला रागाने रडू फुटलं, तर लोकांना ते आनंदाचं वाटलं आणि त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी पुण्याला माझ्या मार्गदर्शकांना फोन लावला आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. पलीकडून एवढंच आलं, "उद्याच्या गाडीने निघ आणि सगळा डेटा घेऊन ये." टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.