इंजेक्शनवाले तात्या

देवासच्या आमच्या गल्लीत तात्यांना सगळे 'इंजेक्शनवाले तात्या' म्हणत, आणि तात्यांनी जन्मात कुणाला सुई टोचली नव्हती. एकदा समोर नव्यानं राहायला आलेले भाडेकरू तापानं फणफणलेल्या आईला धरून त्यांच्या दारात उभे राहिले. "बाबूजी, इंजेक्शन यहीं लगता है ना?" तात्यांनी हसू आवरलं, म्हातारीला आपल्या मोटारीत बसवलं आणि डॉक्टरकडे नेलं. ते इंजेक्शन या मोटारीचं होतं.

तात्या माझे सख्खे चुलते. पॉलिटेक्निकमध्ये शिकवत. मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी इंजिनिअरकडून त्यांनी जुनी जर्मन मोटार घेतली होती. तिला कार्ब्युरेटर नव्हता. पेट्रोल फवाऱ्यानं सिलिंडरच्या तोंडाशी सोडणारी 'फ्युएल इंजेक्शन'ची यंत्रणा होती. मिस्त्री बॉनेट उघडत आणि हात जोडत. "तात्या, निकाल फेंको ना भिया, कार्बुरेटर डाल देते हैं." तात्या म्हणत, "बनवणाऱ्यानं हे का निवडलं, ते आधी समजून घेऊ."

हे 'का' त्यांना सगळ्यांना सांगायचं असे. मी कॉलेजात असताना पोहे खाता खाता सांगितलेलं अजून आठवतं. ज्याला शर्यती जिंकायच्या होत्या, त्यानं इंजिनावर चालणारा पंप घेतला. प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या, महाग पण जोरकस. ज्याला अमेरिकेत गाड्या विकायच्या होत्या, त्याला तिथले धुराचे कायदे आडवे आले, म्हणून त्यानं हवेचा दाब बघून पेट्रोल मोजणारी विजेची यंत्रणा घेतली. आणि ज्याला विजेच्या भानगडी नको होत्या, त्यानं आत येणाऱ्या हवेनंच एक तबकडी उचलायची आणि ती जितकी उचलेल तेवढंच पेट्रोल सतत फवारायचं ठरवलं. तात्यांची मोटार या तिसऱ्या जातीची.

"मग यांत चांगली कुठली?" मी विचारलं.

"तसं नसतं गं कुंदे. प्रत्येकाची अडचण वेगळी असते."

माणसांनाही ते हाच न्याय लावत. काकू गेल्यावरही त्यांचा मुलगा नंदू पुण्याहून इथं राहायला परत आला नाही, म्हणून नातेवाइकांनी त्याला नावं ठेवली. तात्या शांतपणे म्हणाले, "त्याच्यापुढं काय काय होतं, ते तुम्ही बघितलंय का?" विषय तिथंच संपला. एकटे राहत होते, पण मुलाबद्दल कडू शब्द मी कधी ऐकला नाही.

माझं सासर धारला. दर संक्रांतीला तात्या स्वतः मोटार चालवत तिळगूळ घेऊन येत. तीन वर्षांमागे दुपार कलली तरी आले नाहीत. फोन उचलेनात. मग तात्यांच्याच फोनवरून धामनोदच्या एका ढाबेवाल्याचा फोन आला. "दीदी, बाबूजी यहाँ बैठे हैं. आप आ जाओ." इंदूरला धारकडे वळायचं सोडून ते मुंबईच्या रस्त्यानं सरळ घाट उतरून गेले होते.

आम्ही पोचलो तेव्हा बॉनेट उघडं होतं, भोवती ट्रक ड्रायव्हर उभे होते आणि तात्या हवेची तबकडी बोटानं उचलून दाखवत होते. एक शब्द चुकत नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. मला बघताच ते बाजूला आले, माझं मनगट घट्ट धरलं आणि हळूच म्हणाले, "कुंदे, हे कुठलं गाव गं? मघापासून या लोकांना बोलण्यात गुंतवून ठेवलंय. विचारायची लाज वाटली."



इंदूरच्या डॉक्टरांनी स्मृती जाण्याच्या रोगाचं नाव सांगितलं. नंदू आला आणि त्यानं मोटार विकायचं ठरवलं. मी भांडले. "मोटार गेली तर तात्यांचं उरेल काय?"

"आणि घाटात काही झालं असतं तर? तू जवाब दिला असतास?" नंदू म्हणाला. "ताई, मला पण अच्छा नाही लागत हे."

तात्या झोपाळ्यावर बसून ऐकत होते. "नंदू बरोबर म्हणतोय," ते म्हणाले. "तुझंही चूक नाही. फक्त माझं काय आहे, ते मला आता नीट सांगता येत नाही." मग किल्ली खिशातून काढून त्यांनी नंदूच्या हातात ठेवली.

नंदूनं पुण्याची नोकरी घरून करण्याची सोय मागून घेतली आणि तो देवासला राहिला. गिऱ्हाईक मिळायला वर्ष गेलं. तोवर तात्या पुष्कळ दूर गेले होते. मोटार न्यायला माणूस आला त्या सकाळी ते फाटकाशी उभे राहिले. मोटार वळणाआड गेली तशी ते नंदूकडे वळले आणि अदबीनं म्हणाले, "तुम्ही आता घरी कसे जाणार? रिक्षा मिळेल ना?"

नंदू माझ्याकडे बघेना. तात्यांनाच म्हणाला, "मी आज इथंच थांबलो तर चालेल?"

"थांबा की," तात्या म्हणाले. "घरात मी एकटाच असतो."